शून्य किलो

उद्यमनगरात, भट्टीच्या वरच्या मजल्यावर माझं टेबल.
खाली लोखंड वितळतं,
वर मी त्याची वजनं सांभाळणारा प्रोग्राम लिहिते,
गो नावाच्या भाषेत.
गजांवर रोज काळी धूळ बसते
आणि की-बोर्डवरचा शून्य सगळ्यात आधी पुसट झालाय.

या भाषेची एक सवय मला आवडते.
जागा मागितली की झाडून देते.
कॉलेजात शिकले त्या भाषेत
जागा मिळायची आधीच्या बिऱ्हाडाच्या खुणांसकट:
भिंतीत खिळा, कोनाड्यात कुणाची अर्धी काडेपेटी,
आणि चुकून तीच आपली समजून
आपण हिशेबात धरायचो.
इथं आकडा असेल तर शून्य,
नाव असेल तर कोरं,
हो की नाही विचारलं तर नाही,
आणि पत्ता असेल तर कुठलाच नाही.

परवा दुसऱ्या पाळीत प्रोग्राम कोसळला.
नोंदवही मी जाहीर केली होती, बांधली नव्हती.
वाचताना ती काही बोलत नाही.
साचा सतराचं वजन? शून्य.
अठराचं? शून्य.
न बांधलेली वही कितीदा उघडा,
गुमान शून्य सांगते.
पहिला आकडा लिहायला गेलात
की घर डोक्यावर घेते.

खाली गेले. काट्याजवळ इलाही मुजावर
फरशीवर खडूनं आकडे मांडत बसलेले.
"काय गं, पडलं व्हय तुझं मशीन?"
वही होती चाचा, पण नव्हती.
ते हसले. वाळू ठोकणाऱ्या पोराकडं मान करून म्हणाले,
"ह्यो बी आल्या आल्या असंच करायचा.
पेटी मांडली की म्हणायचा, साचा झाला.
आरं, पेटी म्हंजे निस्ती जागा.
वाळू भर, ठोक, पॅटर्न काढ, रसाला वाट ठेव,
मग वत. न्हाईतर सगळं पायावर."

वर जाऊन एक शब्द घातला: मेक.
न्यू म्हटलं असतं तर नुसती पेटी मिळाली असती,
स्वच्छ, पत्त्यासकट.
मेक वाट ठेवून देतं.
चाळीस नोंदींची जागा धरली, हजर एकही नाही.
एक्केचाळिसावी आली तर वही आपली आपण
मोठ्या घरात बिऱ्हाड हलवेल,
मला न विचारता.

शून्याचं मात्र राहिलंच.
सकाळी तक्ता छापला, त्यात एक ओळ:
भैरू लोहार, पॅटर्न विभाग, हजेरी शून्य, वजन शून्य.
न आलेला, की न नोंदलेला?
भाषा दोघांना एकच आकडा देते.
चाचांनी कागद लांब धरला.
"भैरू गेला की आखाडात."
मी म्हटलं, काढते ओळ.
त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडं नुसतं बोट केलं.
तिथं भैरूची पट्टी, तेलकट,
जिचा इंच खऱ्या इंचाहून जरासा मोठा,
कारण लोखंड निवलं की आखडतं
आणि ते आधीच धरावं लागतं.

या भाषेत एक झाडूवाला आहे, न बोलावता फिरतो.
जिच्याकडं कुणाचंच बोट उरलं नाही
ती जागा तो परत घेतो.
खाली मोडलेल्या साच्याची वाळूसुद्धा
चाळून पुन्हा पेटीत जाते.
तिला कालचा पंपाचा पंखा आठवत नाही,
थोडी ऊब असते, तेवढंच.

ओळ मी काढली नाही.
रकान्यात आकड्याऐवजी आकड्याचा पत्ता ठेवला,
पत्ता नसेल तिथं रेघ येईल.
आता भैरूपुढं शून्य नाही. रेघ आहे.
बरं की वाईट, माहीत नाही.

सोमवारची सुट्टी गेली. मंगळवारी पहिली ओत,
साचा सतरा, साडेबारा किलो,
वहीनं निमूट लिहून घेतलं.
मी खिडकीतून ओरडले, चाचा, आलं!
ते काट्यावर वाकलेले.
"थांब, थांब. रिकामा असताना बी
ह्यो दोनशे ग्रॅम दाखवालाय.
आदी शून्यावर घिऊ दे."