दहावा

भोंगाडे सरांच्या वहीत चार पानं : अ, ब, क, ड.
ड म्हणजे आम्ही.
जिनिंगमधले तिघं, कृषी केंद्रातला उईके,
एक पोस्टमन, कॉलेजातली पोट्टी.

पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन,
तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक.
पंधरा झाले की इथलं नाव खोडून
सर पुढच्या पानावर लिहितात
लाल शाईनं, घाई न करता.

पण रेषेवरून दहाजण सुटले पाहिजेत.
नऊ असले तर ती शर्यत नाही.
‘फिरायला गेले’ लिहून सर वही मिटतात.

मी दहावा.
सहा वर्षांत माझ्या नावापुढे आकडा नाही.
फाट्याच्या चढावर माझी चेन उतरते,
नाही उतरली तर मी उतरतो.
घोळका संत्र्याच्या बागेआड गेला
की वारा अडवायला कोणाची पाठ उरत नाही.
उरते दोन्हीकडची फुटलेली पऱ्हाटी
आणि धुऱ्यावर एखादा रोही,
जो मला मोजत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी
जिनिंगला गाड्यांची रांग लागली,
मालकानं मला काट्यावर बसवलं.
त्याच दिवशी प्रांजली मडावी पहिली आली.
बारा अधिक पाच.
सरांनी मुंडकी मोजली. परत मोजली.
फिरायला गेले.

सोमवारी ती काट्यापाशी आली,
बापाच्या कापसाच्या गाडीमागून, सायकलवरच.
“काका, येत्या रविवारी या बरं.
मांगं राह्यलं तं चालते.”

गेलो. ती तिसरी आली.
त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो.
चौथी. एक गुण. पंधरा.
मी पोचलो तेव्हा चहा संपला होता,
क च्या पानावर शाई अजून ओली.

तिथं ती म्हणे पहिल्याच चढावर सुटली,
सगळ्यांच्या मागं, एकटी, सतरा किलोमीटर.
उईके हे सांगताना हसला.
मला हसू आलं नाही.
तो रस्ता मला पाठ आहे.

आता ड मध्ये नऊ.
सरांनी रस्त्यावरून दूधवाला थांबवला :
“क्यान ठेव इथं. तासाभराचं काम हाय.”
गुंडाळलेल्या धोतरात, घंटीच्या सायकलवर
तो येऊन उभा राहिला, माझ्या मागं.

शिट्टी झाली.
मी जरा रुंद बसलो,
फाट्यापर्यंत तरी त्याला वारा लागू नये म्हणून.