अकरा दगड, चार पौंड

नर्स विचारते, वजन किलोत सांगू की स्टोनमध्ये?
मी म्हणते, दगडांतच सांग,
निदान शब्द तरी खरा वाटेल.
अकरा. वर चार पौंड.
दोन वर्षांपूर्वी नऊ होते.
म्हणजे दोन दगड मी कुठून तरी उचलून आणले
आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून
गालांत, मानेमागे, पोटावर रचले.

सांगलीहून वन्संचा व्हिडिओ कॉल:
अगं, तब्येत छान सुधारली तुझी!
तिकडचं पाणी मानवलं.
मी हसते. चेहरा गोल असला की
हसू फार लांबपर्यंत पोचतं.
त्यांना काय सांगू, हे बाळसं स्टेरॉइडचं आहे,
सकाळी आठला, पोटात काही घालून, पाण्याबरोबर.

डॉक्टर म्हणाले होते, तुमचेच रक्षक
तुमच्याच सांध्यांवर चालून जातात.
तीन चित्रं काढली, त्यात बाण काढले.
घरी येऊन मी मुकुंदला दोन शब्दांत सांगितलं,
कुंपण शेत खातंय. बरं, तीन.
तो म्हणाला, मग कुंपण काढून टाकायचं?
नाही रे. झोपवायचं त्याला.
पूर्ण नाही, पेंगेल इतकंच.

रात्री तीनला भूक येते.
माझी नव्हे, गोळीची;
पोटभाडेकरू, भाडं न देणारी.
फ्रिजच्या उजेडात आम्ही दोघी उभ्या.
मी म्हणते काकडी. ती म्हणते चीज.
काकडी.
चीज.
शेवटी शेंगदाण्यांवर तडजोड होते,
मोजून वीस.
मोजताना दोन तोंडात जातात, ते धरायचे नाहीत.

सगळे सांगतात, हळद घे.
दुधातून घे, मधातून घे, मिरपूड घालून घे.
अहो, मी हळदीच्या पेठेमागे वाढले,
पोत्यांवर बसून गणितं सोडवली,
बाई विचारायच्या, तुझीच वही पिवळी कशी?
पी हळद अन् हो गोरी, इतकं सोपं असतं तर.
आता सकाळी बोटं बघते,
पेरापेरात एकेक हळकुंड.
आणखी किती घेऊ?

मार्चमधल्या एका चांगल्या दिवशी
मी दहा हजार पावलं चालले.
मनगटावरच्या घड्याळाने फटाके उडवले.
पुढचे चार दिवस
चहाची किटलीसुद्धा मुकुंदने उचलली.
पाचव्या दिवशी डोरीन आली, ब्याऐंशीची,
दर गुरुवारी गरम पाण्याच्या तलावात
माझ्या शेजारी पाय हलवणारी.
तिला हा आजार माझ्या लग्नाच्या आधीपासून.
म्हणाली, चांगल्या दिवसाचे सगळे पैसे
त्याच दिवशी उडवायचे नसतात, पोरी.

तिनेच मला कालव्यावर नेलं.
हेब्डन ब्रिजला बोट डोंगर उतरते
ती पायऱ्यापायऱ्यांनी. मागचं दार मिटतं,
पाणी सावकाश खाली बसतं,
नावाडी टेकून चहा पितो,
मग पुढचं दार.
माझी गोळी अशीच उतरते आहे.
दहा, नऊ, महिनाभर थांब, आठ.
एकदा पाणी पुन्हा चढलं,
परत बारा.
नावाडी काही रडत नाही अशा वेळी.
मी रडले.

भाकरी आता थापता येत नाही.
ज्वारीचं पीठ ब्रॅडफर्डहून येतं.
उकड काढते, मनगटाजवळच्या तळव्याने मळते,
ताटलीखाली दाबते.
कडा फाटतात, समुद्रातल्या बेटासारखं
काहीतरी तव्यावर पडतं.
फुगतं मात्र.
अर्धं मी खाते दह्याशी,
अर्धं डोरीन, वर मार्मालेड लावून.
मी तिकडे बघत नाही.

काटा पलंगाखाली ढकललाय,
महिन्यातून एकदाच बाहेर येतो.
आज अकरा दगड, साडेचार पौंड.
हा अर्धा कुठला, विचारलं नाही.
बुटांच्या नाड्या मुकुंद बांधतो;
वाकताना त्याच्याही गुडघ्यातून आवाज येतो,
दोघंही ऐकलं नाही असं दाखवतो.

तिसऱ्या लॉकपर्यंत, आणि परत.
तिथून चौथं दिसतं.
दिसू दे.