तुटक रेघ

ननाशीच्या वर, पाझर तलावाच्या पाळीवर
शिंप्यानं कापड बेतावं तशी केबल अंथरली,
पाच-पाच मीटरवर एकेक जिओफोन,
चोवीस.
तलावात पाणी ठरत नाही,
ते जातं कुठे, एवढंच विचारायचंय.

हिरामण भोये घण उचलतो.
"हलू नका कुणी!" मी ओरडते
आणि शिवार स्टॅच्यू म्हटल्यासारखं उभं राहतं:
पाय अर्धवट उचललेला पोरगा,
तंबाखू तळहातावर तशीच धरून उपसरपंच.
शेळ्यांना मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

लोखंडी ताटलीवर घाव.
एक. दोन. दहा.
दहा घावांची बेरीज केली
की वारा स्वतःतूनच वजा होत जातो
आणि खडक तेवढा उरतो.
असं पुस्तकात आहे.
सतरा नंबर तरी थरथरतच राहिला.
जाऊन पाहिलं, तर शेजारच्या सादड्याची मुळं
जमिनीखालून त्याला हलवत होती.
सतरा नंबर काढून तीन फूट सरकवला.

रात्री दिंडोरीच्या लॉजवर
पंख्याच्या खडखडाटात चोवीस रेघा,
प्रत्येकीचा पहिला दचका शोधून खूण करायची.
अकरा मिलिसेकंद, तेरा, चौदा, पंधरा.
दचका मातीत रमतगमत चालतो,
मुरमात पाय उचलतो
आणि काळ्या पाषाणाला लागला की सुसाट,
नाशिकहून त्र्यंबक सहा सेकंदांत.
आलेखावरची रेघ तिथे मोडते.
त्या मोडीवरून खोली काढायची:
काळा पाषाण, नऊ मीटरवर.
त्याखाली? त्याखाली कोरा कागद.

कारण लाट शहाणी असते,
घट्ट थराच्या पाठीवरनंच धावते.
त्याच्या पोटाखाली मऊ काही असलं
तर ती तिकडे वाकून बघतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना हिरामण म्हणाला,
"वर मांजऱ्या, मग काळा, काळ्याखाली तांबडं.
त्या तांबड्यातनं जातंय तुमचं पाणी."
कशावरून?
"चाळीस विहिरी खणल्या, बाई.
नुसत्या काळ्यावर पहार खणखणती, लई वेळ.
खाली तांबडं असलं
की खणखण लवकर इझती."
आणि ठेच्याचं बोट चाटून
टाचेनं मातीत एक आडवी रेघ ओढली.

तांबडं म्हणजे दोन लाव्हांमधली सुट्टी.
एक थर थंड झाला, त्यावर ऊन पडलं,
पाऊस झाला, माती धरली,
काय उगवलं असेल कुणास ठाऊक,
मग पुढचा लाव्हा आला
आणि ती माती विटेसारखी भाजली.
एवढा काळ, आणि जाडी हातभर.

माझ्या आलेखात तिथे काही नाही.
नाही म्हणजे नाहीच, असंही नाही.
आम्ही विचारलं, त्याला ते उत्तर देऊ शकत नव्हतं.

तुंगारेबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं:
दिसलं तिथे सलग, वाटलं तिथे तुटक,
आणि तुटक ओढताना लाजायचं नाही.
मी काळ्याच्या खाली लाल पेन्सिलीनं
तुटक रेघ ओढली, टोकाला प्रश्नचिन्ह.
आधाराच्या रकान्यात सगळीकडे
"भूकंपीय अपवर्तन" होतं,
तिथे लिहिलं: हि. भोये, पहार.

बाईंनी अहवाल वाचला.
चष्मा काढून पदरानं पुसला.
वाटलं, आता खोडतील.
म्हणाल्या, "हि. काय?
माणसाचं पूर्ण नाव लिही."

बोअर अजून मंजूर नाही.
तलाव दर डिसेंबरात तळाला जातो,
आणि उतारावर कोसभर खाली
काकडांच्या द्राक्षांच्या विहिरीला
मे महिन्यातही बांधापर्यंत पाणी असतं.
काकड म्हणतात, देवाची कृपा.
नकाशावर मी ती विहीर दाखवली आहे,
निळा ठिपका.
तलावाला जोडलेली नाही.