सलगमाचा दिवा

यंदा बर्फ उशिरा धरला.
लॅब्राडोरच्या या किनाऱ्यावर सगळेच म्हणतात,
समुद्र आता पूर्वीसारखा शब्द पाळत नाही.
तू त्याच्या शब्दावर गेलास, रेनाटस,
डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी, सरपणाला.
स्लेजचा दोर तेवढा परत आला.

पाळक म्हणाले, टाबेआ, यंदा सलगमं दुसरं कुणी कोरेल.
म्हटलं, कोरू दे.
सकाळी पोतं माझ्याच दाराशी.
कुणी ठेवलं, विचारलं नाही.

एकतीस मुलं, एकतीस सलगमं.
वरचं बोटभर उडवायचं,
मधे मेणबत्तीपुरता खड्डा,
बूड सपाट, म्हणजे तळहातावर बसतं.
फार खोल गेलं की चिरतं.

सुरी चालत होती, मी बोलत होते.
प्रार्थना नव्हती ती, भांडण होतं.
पाण्यावरून चाललास म्हणतात तू, प्रभू.
मग त्या मंगळवारी कुठे होतास?
गव्हाणीत झोपला होतास?
की आमच्या खाडीतही तुला
कुणी जागा दिली नाही?

चुलीत लाकूड तडकलं. बाकी काही नाही.
मी सुरी पुसली
आणि पुढचं सलगम घेतलं.

चोवीसच्या संध्याकाळी गिडियन आला,
बोअसचा नातू, चौदा वर्षांचा,
काखेत तुझा कर्णा.
म्हणाला, मुखनळी नाहीये याला.

ती माझ्या खिशात होती.
दर नाताळात असायची.
गार पितळ ओठाला चिकटतं, कातडी सोलून काढतं,
म्हणून चर्चपर्यंत मी ती मुठीत धरून न्यायची,
सव्वीस वर्षं.
यंदाही हात आपणहून खिशात गेला होता.
कुणासाठी ऊब धरून बसले होते, कोण जाणे.

नाही म्हटलं मी त्याला.
तो गेला नाही.
उंबऱ्याशी बुटांवरचा बर्फ झटकत राहिला,
झटकायला काही उरलं नव्हतं तरी.

वाटेत दिली नाही. चर्चच्या पायरीवर दिली.
पोराने ओठाला लावली, दचकला,
माझ्याकडे बघून म्हणाला,
गरम आहे.

तिसऱ्या ओळीत तुझा श्वास नेहमी तुटायचा,
आणि घरी येताना तू थंडीला दोष द्यायचास.
पोराचाही तिथेच तुटला.
मागच्या बाकावर कुणी हुंदका दिला,
कुणी हसलं.
दोन्ही मीच असेन.

मग दिवे घालवले.
एक एक करत मुलं पुढे गेली,
ओंजळीत सलगम, सलगमात ज्योत.
खोटं कशाला सांगू, अंधार हटला नाही.
काचेला तोंड लावून तो तसाच बसून होता.
पण एकतीस चेहरे
त्याच्या हातून सुटले.

सलोमी चार वर्षांची. तिची आई यंदा गूस बेच्या इस्पितळात.
घरी जाताना तिने माझं बोट धरलं,
मेणबत्ती फुंकली, उपटून खिशात टाकली,
आणि दिवाच खायला घेतला.
दोन घास झाल्यावर उरलेला माझ्या तोंडाशी धरला,
घे.

कच्चं. गोडसर. मेणाचा वास, दातांत थोडी माती.
पुष्कळ दिवसांनी काही गिळलं,
आणि ते आत राहिलं.

रेनाटस, समुद्राने तुला अजून दिलेलं नाही.
मी त्याच्याकडे मागतही नाही आता.
ज्याच्याशी भांडले, त्याच्याकडे मागते.
एक दिवस तो किनाऱ्यावर उभा राहील,
आणि या पाण्याला प्रत्येक नाव
परत करावं लागेल.
कसं, ते मला कळत नाही.
सलगम पेटतं हे तरी
बाहेरच्या कुणाला खरं वाटेल?

मुखनळी पुन्हा माझ्याकडे आहे.
सहा तारखेला लागेल, गिडियनने बजावलंय,
तोवर गार होऊ देऊ नका.

बाहेर उणे एकतीस.
मूठ मिटलेली आहे.