शुद्धिपत्र

नाशिकरोड कॅम्पच्या गेटवर मोबाइल जमा केला,
पत्र्याचा बिल्ला मिळाला, नंबर सदतीस.
रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीत एक पोरसवदा शिपाई:
'दीदी, पार्ट टू ऑर्डर है क्या?'
नव्हती.
माझ्याकडे डिस्चार्ज बुक होतं, कोपरा वाळवीने खाल्लेलं,
लहवितच्या ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला,
आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र.
तो कागद बहुधा आमच्याच प्रेसमधला.
अठ्ठावीस वर्षं मी तिथे चुकलेली छपाई वेगळी काढते:
सरकलेला आकडा, फुटलेली शाई.
दिवे गेले तरी बोटाला कळतं.

अण्णा चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात घरी आले.
पुस्तकात लिहिलंय, हुद्दा: हवालदार.
पुस्तक मिटलं त्या दिवशी ते खरंच होतं.
पुढच्या सव्वीस जानेवारीला
दिल्लीतल्या कुठल्याशा यादीत त्यांचं नाव लागलं,
मानद नायब सुभेदार.
अण्णा तेव्हा कोबीला पाणी देत होते.
पत्र आलंच नाही.
देवळालीच्या कँटीनच्या रांगेत
जुन्या बॅटरीतल्या एका मेजरने तोंडी सांगितलं,
तेवढं त्यांना पुरलं.
तोफखान्यात बार तोंडी हुकमावरच होतो.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी ते छापून घेतलं.
मांडवात चुलतसासरे म्हणाले,
'काय व्याही, प्रमोशन घरच्या घरीच?'
दहाबारा जण हसले.
हळदीच्या तोंडाने मीही हसले, थोडंसं.

अण्णांचा डावा कान तोफांनी नेला होता.
ऐकू गेलं नसेल, असं मी किती वर्षं म्हणत आले.
हसणारे उजव्या अंगाला उभे होते.

त्यानंतर त्यांनी ते कुठे लिहिलं नाही.
दारावर नुसतं रंगनाथ सखाराम मोजाड,
पुढे काही नाही, मागे काही नाही.

दारणेकाठी दशक्रियेला सटाण्याहून एक म्हातारा आला,
गांगुर्डे, त्यांच्याच तोफेवरचा.
फोटोसमोर टाचा जुळवल्या. गुडघ्यांचा आवाज आला.
'राम राम, सुभेदारसाहेब.'
मी ताट घेऊन जात होते.
ताट खाली ठेवायलाही सुचलं नाही.

चौथ्या खेपेला शिपायाने विचारलं,
फायदा काय? आई नाही, म्हणजे पेन्शन नाही.
फॉर्मात तसा रकानाच होता.
फायदा नाही, म्हटलं.
त्याने रकान्यात रेघ मारली,
मग आतून जाड वही आणली, शाईचा वास गेलेली,
आणि आम्ही दोघं वाकून एक एक नाव बघत गेलो,
त्याचं बोट वरून, माझं खालून.

सात महिन्यांनी पत्र आलं.
हवालदार के स्थान पर मानद नायब सुभेदार पढ़ा जाए.
एवढंच. सही, शिक्का, तारीख.
आमच्याकडे याला शुद्धिपत्र म्हणतात.

मग मीही रात्री बसून केलं:
'अण्णा, चारचौघांत जास्त बोलू नका' याऐवजी
'अण्णा, मला सांगा' असे वाचावे.
'त्यांना लष्कराचं जरा वेड आहे' हे वाक्य वगळावे.
मांडवातल्या हसण्याच्या जागी
काय वाचावे, ते सुचलं नाही.
ती ओळ तशीच आहे.

काल भगूरचा पेंटर आला.
पाटी उतरवली, घासली,
म्हणाला, ताई, मानद जरा बारीक अक्षरात टाकू?
जागा कमी पडतेय.
शिंगवे बहुल्याकडे सराव चालू होता,
मांडणीतली पितळी हलत होती.
मी म्हटलं, नको, एकाच मापात.
जागा कमी पडली
तर पाटी मोठी कर.