अजून नाही

फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला.
"जरा डावीकडे," लुमेन म्हणाली,
"मला तू नको, कढई दाखव."
बरं.
कुवेतमध्ये दुपारचे चार, तिची शुक्रवारची सुट्टी.
बोहोलात रात्रीचे नऊ, आणि मी,
होड्यांची इंजिनं खोलणारा सिल्वेरियो,
जन्मात पहिल्यांदा उबेचा हालाया घोटायला उभा.

कोनफळं सालीसकट उकडलेली.
सोलताना एक निसटलं,
गडगडत गेलं थेट चुलीपुढच्या राखेत.
मी उचललं, फुंकर मारली, पुढचं घेतलं.
"सिल्वेरियो."
एवढ्या लांबून बरोब्बर तेच दिसलं हिला.
"माफी माग. मुका घे त्याचा."
"इथं कोण बघतंय?"
"ते बघतंय."

आमच्या बेटावर असंच आहे.
म्हातारे सांगतात, एका दुष्काळात सगळं वाळून गेलं
तेव्हा हेच तेवढं जमिनीखाली तग धरून होतं,
म्हणून हातून पडलं तर त्याला जवळ घ्यायचं,
पडलेल्या पोराला घेतात तसं.
घेतला मुका. ओठाला राख.
तिकडे बंकबेडवरच्या तिघीजणी खो खो हसल्या,
एकीनं तर टाळ्याही पिटल्या.

मग किसणं.
नखांत वर्षानुवर्षं काळं ग्रीस,
त्यावर आज जांभळं चढलं.
नारळाचं पहिलं दूध, डब्यातलं आटीव दूध, लोणी,
आणि मीठ, "चिमूटभर, तुझी चिमूट नाही, माझी."
मंद आच. लाकडी उलथनं.
तळापासून, एकाच दिशेनं, न थांबता.

"झालं?"
"अजून नाही."
"आता?"
"अरे, फुटतंय नुसतं. अजून नाही."
बुडबुडे फुटत होते चिखलातल्यासारखे,
एक उडाला मनगटावर, एक काचेवर,
नेमका तिच्या गालावर.
मी अंगठ्यानं पुसायला गेलो, आणखी फासलं.
"राहू दे," ती म्हणाली. "हात थांबवू नकोस."

रिझालिन अभ्यासाची वही घेऊन दारात बसलेली,
वहीत डोकं, कान इकडे.
गेल्या तीन नाताळांना हीच मुलगी विचारायची,
मम्मी येतेय का,
आणि मी हेच दोन शब्द सांगायचो.
तिनं मान वर केली नाही.
मीही उलथनं जरा जोरात फिरवलं.

"कधी कळणार पण?"
"कडा सुटायला लागल्या की. सगळा गोळा
उलथन्याबरोबर फिरतो, जडशीळ होतो, आणि मग
तू लगेच..."

चित्र थिजलं. तोंड उघडं, हात हवेत,
गालावर जांभळं.
मग काळी काच आणि तीत माझंच नाक.

लगेच काय?
इंजिन सांगतं. खोकतं, धूर बदलतो,
आवाजावरून मी डोळे मिटून दोष काढतो.
ही कढई मुकी.
कडा सुटल्या. गोळा फिरला. खांदा भरून आला.
मी मोठ्यानं म्हणालो, "अजून नाही,"
तिच्याच आवाजात, तेवढंच वैतागून,
आणि दारातून हसू ऐकू आलं.
आणखी पाचेक मिनिटं. की दहा.
मग उतरवली, देवाचं नाव घेऊन.

लोणी लावलेल्या पत्र्याच्या साच्यांत थापलं.
दोन साचे भरले, तिसरा अर्धा.
रिझालिननं तळाची खरवड बोटानं खाल्ली.
"लागलंय खाली."
"आईचं लागायचं नाही?"
तिनं विचार केला. खूप वेळ, बोट चोखत.
"लागायचं. पण तिचं दुसऱ्या बाजूला."

अकरा वाजता फोन थरथरला. नुसती अक्षरं,
नेट गेलेलं, ड्यूटी लवकर लागलीय, आजींना ताप,
आणि शेवटी, कढईत रात्रीच पाणी घाल,
नाहीतर सकाळी निघता निघणार नाही.

कढई मी केव्हाच भिजत घातली होती.
एवढं मला येतं.