सरकलेला ठसा

शनिवारी चारनंतर वाळूच्या खाणीतला गोळीबार थांबतो.
पोरं गाड्या काढतात. मग मी जाते बादली घेऊन,
गुडघ्यांखाली घ्यायला तुझ्या रबरी बुटाचा कापलेला तुकडा.
वाळू ओली, पुंगळ्या गारठलेल्या.
एकीच्या तोंडात पाइनची सुई. एकीत मुंगी.

क्लबचा ओइवा लांबूनच ओरडतो,
हिल्का, गुडघे शिल्लक आहेत का?
गुडघे दोन, पुंगळ्या चारशे,
हिशेब तूच कर, म्हणते मी.

घरी, सौनाच्या बाहेरच्या खोलीत, आधी चुंबक.
सीमेपलीकडून आलेलं, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड
टक्कन चिकटतं. ढोंग तेवढाच वेळ टिकतं.
उरलेल्या पुंगळ्या लिंगनबेरी निवडायच्या ताटात:
तीनशे आठ इकडे, साडेसहा तिकडे,
आणि काठवाल्या, जुन्या सैन्याच्या मापाच्या,
ज्या आता गावात तीन-चार म्हाताऱ्यांच्याच रायफलीत बसतात.

मानेला चीर, भंगार.
बुडाजवळ चकाकती रेघ, भंगार.
बाहेरून रेघ दिसत नसली तरी आत असू शकते.
टोक वाकवलेली तार घालून चाचपायला तूच शिकवलंस.
कान बोटांत आण, म्हणायचास,
तार जिथं अडेल तिथं पुढच्या बाराला फाटेल.
तुझ्यासाठी अशी तार
कायानीच्या इस्पितळात कुणाकडे नव्हती.

बार उडाला की पितळ फुगतं,
रायफलीच्या पोटाला आतून टेकतं
आणि त्याच मापाचं होऊन राहतं.
मग दुसऱ्या रायफलीत जाताना कुरकुरतं.
चाळीस वर्षं एकाच घरात काढलेल्या बाईसारखं,
असं तू म्हणाला असतास.
मी म्हणू दिलं नसतं.

आज काठवाल्यांतली एक उलटी धरली
तर टिकलीवरचा खळगा मधोमध नव्हता.
काठाकडे सरकलेला, भाताच्या अर्ध्या शितभर.
आणि काठावर, बरोबर समोर,
नखानं ओरखडावं तशी बारीक रेघ.

चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
तुझी रायफल मी गेल्याच्या गेल्या वसंतात विकली, टाउनो,
फोनवरच, भावसुद्धा न करता.
न्यायला माणूस आला तेव्हा मी मुद्दाम बटाटे खणत होते.
मे महिन्यात. जे अजून लावलेसुद्धा नव्हते.

शोधत गेले. अकरा निघाल्या.
एल्कच्या परीक्षेला चार गोळ्या लागतात.
म्हणजे कुणीतरी तीनदा सराव केला,
आणि एक माझ्या नजरेतून सुटली
किंवा शेवटची मारायला हात धजला नाही.
ओइवाला विचारता आलं असतं. विचारलं नाही.

टिकल्या ठोकून काढल्याशिवाय पुंगळी परत भरता येत नाही.
हे मी हजारो वेळा केलंय.
हँडल अकरा वेळा खाली ओढलं,
अकरा सरकलेले ठसे कॉफीच्या डब्यात पडले,
तो डबा आज रिकामा केला नाही.

मग नेहमीसारखं अंग नाही आवळलं, फक्त मान.
म्हणजे आता या दुसऱ्या कुठल्याच रायफलीत जाणार नाहीत.
दारू तुझ्या वहीतल्या सर्वांत वरच्या ओळीची, सर्वांत कमी,
ज्या ओळीपुढे तू लिहिलंयस: हिल्काचा खांदा.

वीस भोकांच्या खोक्यात अकरा उभ्या केल्या.
नाव कुणाचं घालणार? झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलं:

ठसा वाकडा पडतो, त्याची काळजी नको.
गोळी सरळ जाते.
पंचाहत्तर मीटरवर दोन बोटं वर लागेल,
तेवढं खाली धर.
आणि बारावी सापडली तर आणून दे.